टॉड कुणाला दिसला?

माझ्या फोनमध्ये चौदा सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. सासवडच्या पुढे माळरानावर, रात्री साडेनऊच्या सुमाराला, ऑफिसमधल्या मित्राच्या गाडीतून काढलेला. हेडलाइटच्या उजेडात एक लहानखुरं, निमुळत्या तोंडाचं, काळ्या शेपटीच्या टोकाचं जनावर पळतंय. ते डावीकडे वळतं, गाडीही डावीकडे वळते. ते थबकतं, मागे बघतं, पुन्हा पळतं. मागून कुणीतरी ‘घे, घे, घे!’ असं ओरडतंय. तो आवाज माझा आहे.

घरी येऊन मी तो व्हिडिओ ‘चतुर कोल्हा’ असं लिहून टाकला. दोनशेच्या वर लाइक्स आले. शाळेतल्या एका मैत्रिणीने खाली लिहिलं, ‘अगं, हा कोल्हा नाही, खोकड आहे. आणि त्याच्यामागे गाडी कशाला घातली?’ पहिल्या वाक्याला मी लगेच उत्तर दिलं, ‘ओह, थँक्स!’ दुसऱ्या वाक्याला काहीच दिलं नाही. हा लेख बराचसा त्या दुसऱ्या वाक्यामुळे लिहितेय. पण सुरुवात पहिल्यापासून करते.

मराठीत आपण ‘फॉक्स’ला कोल्हा म्हणतो. इसापाचा फॉक्स मराठीत आला तो कोल्हा होऊन, आणि त्याला द्राक्षं आंबट लागली. पंचतंत्रातले करटक आणि दमनक मुळातच कोल्हे. त्यामुळे दोन वेगळ्या प्राण्यांचा हुशारपणा आपण एकाच नावाखाली जमा केला. प्रत्यक्षात कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. तो कुत्र्या-लांडग्याचा जवळचा नातेवाईक, संध्याकाळी कोल्हेकुई करणारा. फॉक्स म्हणजे खोकड. आपल्या माळरानांवर राहतं ते भारतीय खोकड, मांजरापेक्षा थोडं मोठं, राखाडी. युरोप-अमेरिकेच्या गोष्टींमधलं लाल खोकड महाराष्ट्रात नसतंच. भारतात ते हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागात आढळतं.

गंमत म्हणजे हीच अदलाबदल इंग्रजांनीही केली होती, पण उलट्या दिशेने. घोड्यावर बसून, कुत्र्यांचा ताफा सोडून खोकडाचा पाठलाग करण्याचा खेळ ते इथे घेऊन आले. पण मनासारखं खोकड मिळेना, म्हणून उटीच्या गवताळ टेकड्यांवर त्यांनी त्याच थाटात कोल्ह्यांची शिकार सुरू केली. आपण गोष्टीसाठी फॉक्सला कोल्हा केलं, त्यांनी खेळासाठी कोल्ह्याला फॉक्स केलं. समोरचं जनावर नक्की कोणतं, याची पर्वा दोन्हीकडे फारशी कुणी केली नाही. या लेखात मी मात्र खोकडच म्हणणार आहे.

*

मैत्रिणीची कमेंट वाचून मला लहानपणी सीडीवर कितीतरी वेळा पाहिलेला डिस्नेचा ‘द फॉक्स अँड द हाउंड’ हा १९८१चा सिनेमा आठवला. टॉड नावाचं खोकडाचं अनाथ पिल्लू आणि कॉपर नावाचं शिकारी कुत्र्याचं पिल्लू. लहानपणी दोघांची घट्ट मैत्री होते. मोठे झाल्यावर एक शिकार होतो, दुसरा शिकारी. शेवटी अस्वल येतं, टॉड कॉपरचा जीव वाचवतो. मग कॉपर मालकाच्या बंदुकीसमोर टॉडला आडोसा देऊन उभा राहतो आणि मालक बंदूक खाली करतो. त्या प्रसंगाला मी दर वेळी रडायचे. तो परत बघितला आणि तेव्हा कळलं की त्याच्यामागे एक कादंबरी आहे: डॅनिअल मॅनिक्स या अमेरिकन लेखकाची, १९६७ साली आलेली. नाव तेच. मी ती मागवली. वाटलं, तीच गोष्ट जरा सविस्तर असेल.

कादंबरीत मैत्री नाही. म्हणजे मैत्री होऊन तुटते असंही नाही. ती कधी होतच नाही. टॉड आणि कॉपर एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. या पुस्तकात प्राणी बोलतच नाहीत. शेवटी काय होतं ते मी सांगणार आहे, कारण त्याशिवाय या पुस्तकाबद्दल बोलताच येत नाही. ज्यांना ते कोरं वाचायचं असेल त्यांनी इथे थांबावं.

गोष्ट अशी. चीफ हा तरुण, वेगवान शिकारी कुत्रा. कॉपर वयाने मोठा आणि चीफवर जळणारा, कारण मालकाचं प्रेम आता चीफकडे चाललंय. टॉडला पिल्लू असताना माणसाने पाळलेलं असतं, पण वयात आल्यावर तो रानात निघून जातो. साखळीला बांधलेल्या या कुत्र्यांसमोरून मुद्दाम फिरायची त्याला चटक लागते. एक दिवस चीफ साखळी तोडून त्याच्यामागे धावतो. टॉड रेल्वेच्या रुळांवरून पळतो, समोरून गाडी येते, अगदी शेवटच्या क्षणी टॉड बाजूला उडी मारतो आणि चीफ गाडीखाली सापडतो. त्या दिवसापासून मालक कॉपरला एकच गोष्ट शिकवतो: बाकी सगळी खोकडं सोड, फक्त याच्या मागे लाग. पुढचं अख्खं पुस्तक म्हणजे दोघांच्या आयुष्यभर चाललेली एकच शिकार.

सिनेमात चीफ मरत नाही, त्याचा फक्त पाय मोडतो. चीफ मेला पाहिजे, नाहीतर कॉपरच्या सूडाला वजन येणार नाही, असं स्टुडिओतल्या तरुण ॲनिमेटर्सचं म्हणणं होतं. दिग्दर्शकांपैकी आर्ट स्टीव्हन्स यांनी ते मानलं नाही. त्यामुळे सिनेमाच्या मधोमध एक मोठं भोक पडलंय: जिवलग मित्राचा जीव घ्यायला निघण्यासाठी कारण काय, तर म्हाताऱ्या कुत्र्याचा प्लास्टरमधला पाय. लहानपणी हे भोक मला दिसलं नव्हतं. आता तिथेच नजर जाते.

सिनेमाला श्रेयही द्यायला हवं. त्याची सुरुवात विलक्षण आहे. पडद्यावर नावं येत राहतात, जंगल जवळजवळ गप्प असतं, मग लांबून कुत्र्यांचं भुंकणं येतं आणि तोंडात पिल्लू धरून धावणारी मादी दिसते. ती पिल्लाला कुंपणाशी ठेवते, पुढे पळते, आणि गोळ्यांचे आवाज पडद्याबाहेरून ऐकू येतात. या दोन-तीन मिनिटांत सिनेमा शिकारीकडे सरळ बघतो. नंतर गाणारे पक्षी येतात, आजीबाई घुबड येते, आणि टॉडचं मोठ्या डोळ्यांचं गोड बाळ होतं. जंगलात सोडल्यावर त्याला साधा मासाही पकडता येत नाही, आणि तो विनोद म्हणून दाखवलाय. अख्ख्या सिनेमात टॉड खोकड म्हणून काय करतो, असं विचारलं तर मला फारसं काही सांगता येणार नाही. तो चांगला मुलगा आहे, एवढं सांगता येईल.

*

मॅनिक्सचा टॉड चांगलाही नाही, वाईटही नाही. त्याचं नावसुद्धा नाव नाही. ‘टॉड’ हा खोकडासाठीचा जुना इंग्रजी शब्द आहे. कुत्र्यापासून सुटण्यासाठी तो काय काय करतो, हे मॅनिक्स एखादं यंत्र उघडून दाखवावं तसं दाखवतो. आणि त्यासाठी आधी तो आपल्याला कॉपरच्या नाकात नेऊन बसवतो.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचते. कुठे काय बिघडलं ते शोधायचं तर कोणती नोंद आधीची, कोणती नंतरची, हे लावत मागे मागे जायचं. कॉपरच्या बाजूने लिहिलेला भाग वाचताना मला हे काम ओळखीचं वाटलं. कुत्र्याला वासात फक्त ‘इथून खोकड गेलं’ एवढं कळत नाही, कोणती खूण जुनी आणि कोणती ताजी हेही कळतं. म्हणजे प्रत्येक पावलावर वेळेचा शिक्का आहे. गार, ओलसर जमिनीवर ही नोंद टिकते. कोरड्या वाऱ्यात उडून जाते. टॉडच्या युक्त्या म्हणजे या लॉगशी केलेली छेडछाड. आल्या पावली मागे फिरून एकदम बाजूला उडी मारायची, म्हणजे माग अचानक संपतो. पाण्यातून जायचं. गुरांमधून जायचं, म्हणजे त्यांच्या वासात आपला मिसळतो. रुळांवरून चालायचं. मॅनिक्स यातलं काहीही ‘बघा किती हुशार’ म्हणून सांगत नाही. पहिल्यांदा युक्ती बहुतेक चुकूनच जमते, जीव वाचतो, आणि म्हणून ती लक्षात राहते. रानातलं शिकणं असंच होतं.

‘लबाड’ हा शब्द कुठून आला असावा, हे मला इथे कळलं. खोकडाला तो कुणी दिला? ज्याच्या हातून ते सुटलं त्याने. शिकार करायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो तेव्हा घरी काय सांगणार? मी चुकलो म्हणण्यापेक्षा ते लबाड होतं म्हणणं सोपं. कोंबड्यांच्या खुराड्याचंही तसंच. खोकड आत शिरतं, दहा कोंबड्या मारतं, एकच नेतं. म्हणून ते क्रूर, मजेसाठी मारणारं. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रुक यांनी १९७२ साली अशा जास्तीच्या मारण्यावर लिहिलं. शिकारी जनावराचं शोधणं, पकडणं, मारणं आणि खाणं हे सगळं एकाच कळीने चालत नाही. पोट भरलं की शोधणं थांबतं, पण भक्ष्य डोळ्यांसमोर फडफडत असेल तर मारणं थांबेलच असं नाही. रानात बाकीचे पक्षी केव्हाच उडून गेलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न क्वचितच येतो. खुराड्याला मात्र भिंती असतात, आणि त्या आपण बांधलेल्या आहेत. खोकडाला वेळ मिळाला तर ते उरलेलं एकेक करून नेतं आणि वेगवेगळ्या जागी पुरून ठेवतं. आपण सकाळी पोचतो तोवर त्याचं काम अर्धवट राहिलेलं असतं.

*

आता या पुस्तकातल्या सर्वांत अवघड जागेकडे येते.

मालक एक डझनाहून जास्त पद्धती वापरून टॉडच्या मागे लागतो. टॉड सापडत नाही, पण त्याचं घर सापडतं. पहिल्या मादीची पिल्लं बिळातच वायू सोडून मारली जातात. टॉड सापळे ओळखायला शिकतो. मादी शिकत नाही, सापळ्यात अडकते. पुढच्या वर्षी दुसरी मादी, दुसरी पिल्लं. या वेळी मालक झाडीत निश्चल बसून राहतो आणि सशाच्या आवाजाची शिट्टी वाजवतो. भुकेली पिल्लं त्या आवाजाकडे येतात आणि मरतात. मग तो जखमी पिल्लाचा आवाज काढतो. मादी येते.

मी पुस्तक इथे दोन दिवस बंद ठेवलं होतं. त्रास फक्त मरणाचा नव्हता. त्या माणसाला खोकडाची आई इतकी अचूक माहीत आहे, याचा त्रास झाला. कोणत्या आवाजाला ती सगळी सावधगिरी सोडून येईल, हे कळायला किती वर्षं तिच्याकडे बघावं लागलं असेल? टॉडची वाट, टॉडची सवय, टॉडचं म्हातारं होणं या पुस्तकात फक्त दोघांना नीट कळतं. एक मालक आणि दुसरा त्याचा कुत्रा. ज्यांना टॉडची दया येईल अशी माणसं त्याला ओळखतही नाहीत. आणि सिनेमा बनवणाऱ्यांना टॉडबद्दल निखळ प्रेम होतं, पण त्यांच्या पडद्यावर खोकड नाहीच.

मग बघणं शिकाऱ्यालाच जमतं का? शिकारीच्या बाजूने बोलणारे नेमकं हेच म्हणतात. इंग्लंडमध्ये घोडेस्वारांची खोकडशिकार बंद करायचा वाद चालला होता तेव्हा हा मुद्दा वारंवार यायचा: आम्हीच खोकडाला ओळखतो, आम्हीच त्याला टिकवलं. त्यात अर्धं तथ्य आहे, आणि ते त्यांना फारसं शोभणारं नाही. खोकड उपद्रवी आहे, संख्या आटोक्यात ठेवायला हवी, असं सांगणाऱ्याच लोकांनी खोकडांना लपायला मुद्दाम झाडी राखली. एकोणिसाव्या शतकात खोकडं कमी पडली तेव्हा युरोपातून आणून लंडनच्या लेडनहॉल बाजारात विकलीही गेली. शिकारीच्या आदल्या रात्री माणसं पाठवून बिळांची तोंडं बुजवायची पद्धत होती, म्हणजे सकाळी खोकडाला घरी जाता येऊ नये आणि पाठलाग लांबावा. शेवटी २००४च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी खोकड मारण्यावर बंदी आली आणि फेब्रुवारी २००५पासून ती लागू झाली.

पण बघण्याचा दुसरा मार्गही होता, आणि खुद्द मॅनिक्सनेच तो वापरला. हा माणूस तसा अजब होता: तरुणपणी जत्रेच्या खेळात तलवार गिळायचा, आणि घरी नाना तऱ्हेचे प्राणी पाळायचा. या कादंबरीसाठी त्याने मोकळ्या फिरणाऱ्या खोकडांच्या एका जोडीचं वर्षाहून जास्त काळ निरीक्षण केलं. टॉड आपल्याला दिसतो तो मालकाच्या बंदुकीमुळे नाही, त्या वर्षभराच्या बसून राहण्यामुळे. पुढे ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅक्डोनल्ड यांनी खोकडांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून रात्ररात्र त्यांचा माग काढला आणि १९८७ साली ‘रनिंग विथ द फॉक्स’ हे पुस्तक लिहिलं. एकटं, आपमतलबी म्हणून प्रसिद्ध असलेलं हे जनावर बऱ्याच ठिकाणी छोट्या कुटुंबात राहतं, आणि स्वतःला पिल्लं नसलेल्या माद्या दुसरीच्या पिल्लांना सांभाळतात, हे अशा पाठलागातून कळलं. तोही पाठलागच होता. फक्त शेवटी खोकड जिवंत होतं.

*

मॅनिक्स एका ठिकाणी मात्र चुकतो. कादंबरीच्या उत्तरार्धात गाव बदलतं. रस्ते येतात, घरं येतात, शेतं जातात, मालकाची जमीन जाते. उरलेली खोकडं कचऱ्यावर जगणारी, रोगट होतात, जोड्या टिकेनाशा होतात. मॅनिक्सच्या लेखी ही नुसती बदलाची गोष्ट नाही, अधोगतीची आहे. जुनं रान गेलं म्हणून जुनं चारित्र्य गेलं. वाचताना मला आमच्याकडचे ‘आता पूर्वीचं गाव राहिलं नाही’ म्हणणारे काका आठवले. ब्रिस्टल शहरातल्या खोकडांवर तिथल्या संशोधकांनी कित्येक वर्षं काम केलंय. ती शहरी खोकडं घरांच्या मागच्या बागांत कुटुंब करून राहतात. १९९४ साली तिथे खरजेची साथ आली तेव्हा बहुतेक सगळी मेली. तो रोगाचा घाला होता, स्वभावाचा ऱ्हास नव्हे. मॅनिक्सला जे गेल्याचं दुःख आहे ते खोकडाचं नसून शिकाऱ्याचं आहे. इतका वेळ बाजूला थांबलेला लेखक इथे खोकडाच्या तोंडून स्वतःचं बोलतो.

पण त्यातूनच शेवट इतका भेदक होतो. म्हाताऱ्या मालकाला दारूशिवाय आणि दर हिवाळ्यातल्या टॉडच्या शिकारीशिवाय काही उरलेलं नाही. एका सकाळी तो कॉपरला सोडतो. कॉपर दिवसभर, रात्रभर, दुसऱ्या सकाळपर्यंत मागावरून हटत नाही. टॉड कुठल्याही युक्तीत चुकत नाही. तो थकव्याने कोसळून मरतो. कॉपर त्याच्यावर पडतो, जवळजवळ मेलेला. मालक त्याची शुश्रूषा करतो. काही महिने दोघांचं कौतुक होतं, मग लोक विसरतात. मालकाला वृद्धाश्रमात जायचंय आणि तिथे कुत्री चालत नाहीत. तो रडत बंदूक घेतो, कॉपरला बाहेर नेतो, झोपायला सांगतो, त्याचे डोळे हाताने झाकतो. कॉपर तो हात चाटतो.

सिनेमात बंदूक खाली येते. कादंबरीत ती एकदाही खाली येत नाही, फक्त दिशा बदलते. सिनेमा सांगतो की प्रेम असेल तर शिकार थांबते. मॅनिक्सच्या शेवटच्या पानावर प्रेम भरपूर आहे, कुत्र्याचं माणसावर, माणसाचं कुत्र्यावर, आणि गोळी तरी सुटते. लहान मुलांसाठी हे बदललं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की मोठी झाल्यावरही मी सिनेमातल्याच समजुतीने माळावर गेले: मला प्राणी आवडतात, म्हणजे माझ्याकडून त्यांना काय त्रास होणार?

*

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, या वेळी मॅनिक्स वाचून. सहाव्या सेकंदाला ते खोकड थबकतं आणि मागे बघतं. त्याला चतुर म्हणण्यासारखं त्यात काही नाही. पलीकडे, उजेडाच्या कडेला, जमिनीत एक काळी फट दिसते. ते तिकडे न जाता उलट बाजूला वळतं. ती फट म्हणजे त्याचं बीळ होतं का, आत पिल्लं होती का, म्हणून ते आम्हाला लांब नेत होतं का, हे मला सांगता येत नाही. मालकाने एका नजरेत सांगितलं असतं. आम्ही पाच जण होतो, पाच फोन होते, आणि कुणीही बघत नव्हतं.

पुढच्या महिन्यात मी एकटीच परत गेले, दिवसाउजेडी आणि पायी. तासभर फिरून काही सापडलं नाही. मेंढरं घेऊन चाललेल्या एका धनगर बाबांनी विचारलं, “काय हरवलं का, ताई?”

“नाही बाबा, खोकड बघायला आलेय.”

“आत्ता? उन्हाचं कुठं बाहेर येतंय ते.” त्यांनी काठीने एक उंचवटा दाखवला. चार-पाच तोंडं असलेलं बीळ होतं. दोन तोंडांवर कोळ्याची जाळी, एकापाशी ताजी उकरलेली माती. “ह्या तोंडानं येजा हाय. लय जवळ जाऊ नका, वास ऱ्हातो माणसाचा. मग जागा सोडतंय.”

मी लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला बसले. अंधार पडेपर्यंत काही बाहेर आलं नाही. घरी येऊन व्हिडिओ काढून टाकला, आणि मैत्रिणीच्या दुसऱ्या वाक्याला उत्तर लिहिलं: ‘चुकलं माझं.’ फोनमधली मूळ प्रत मात्र ठेवलीये. सहाव्या सेकंदासाठी.